डॉ. द्वारकानाथ कोटणीस : दूरदेशीचा सेवाव्रती

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. हिंदुस्थानचा स्वातंत्र्यलढा हा जगातील पीडित राष्ट्रांच्या लढ्याचाच एक भाग आहे, हा विचार अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरूंनी तेथे मांडला. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर चढाई केली आणि या विचाराची कसोटी लागली. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यांतील एक होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

१० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. शिक्षण पुरे झाले होते आणि घरच्यांच्या आशा त्यांच्यावर खिळल्या होत्या. अशा वेळी या तरुणाने अनोळखी देशातील युद्धभूमीची वाट धरली. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे त्यांचे सहकारी होते.

चुंगकिंग मुक्कामी वडिलांच्या निधनाची वार्ता येऊन थडकली. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्यास सुचविले. परत फिरले असते तर कोणीही दोष दिला नसता. परंतु अंगीकारलेले कार्य आरंभापूर्वीच टाकणे त्यांच्या मनाला पटले नाही. दुःख उरी बाळगून ते पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या गुहा हीच तेथील घरे आणि हीच रुग्णालये. अन्न निराळे, थंडी कडाक्याची, भाषा अगम्य. कोटणीसांनी चिनी भाषा नेटाने आत्मसात केली, कारण रुग्णाची वेदना दुभाष्यामार्फत पुरती उमगत नाही.

पुढे ते शत्रूच्या वेढ्यातील डोंगराळ मुलखात गेले. १९४० मधील मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. कॅनडाचे हे थोर शल्यविशारद जखमींवर उपचार करतानाच रक्तदोष होऊन १९३९ मध्ये निवर्तले होते. हेबेई प्रांतातील गेगाँग या खेड्यात कोटणीस शस्त्रक्रिया करीत, विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शिकवीत आणि गावकऱ्यांनाही औषधोपचार देत. परिचारिकांच्या शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची चिनी नावे जोडून त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले.

अतिश्रमाने शरीर खंगत होते आणि अपस्माराचे झटके येत होते. तरी विश्रांतीसाठी तेथून दूर जाणे त्यांनी मानले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले; कोटणीस मात्र त्या मातीतच विसावले.

सोलापुरातील त्यांचे घर आज स्मारकरूपाने उभे आहे. परदेशी पाऊल ठेवण्यास धाडस पुरते. पण तेथील माणसांची भाषा, दारिद्र्य आणि संकट आपले मानून राहण्यास निष्ठा लागते. कोटणीसांच्या अल्पायुष्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला वस्तुपाठ तो हाच.