राणी कॅथरीन आणि मुंबईचें आंदण

मुंबई बेट आंदण दिलें गेलें, ही गोष्ट शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु ज्या राजकन्येबरोबर तें गेलें, तिचें चरित्र थोड्यांसच माहीत असेल. या ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं तें सांगणें आम्हांस उचित वाटतें.

ब्रागांझा घराण्यांतील कॅथरीन हिचा जन्म पोर्तुगालांत ता. २५ नोव्हेंबर १६३८ रोजीं झाला. दोन वर्षांनीं तिचे वडील स्पेनचें जूं झुगारून राजपदीं बसले. पण स्पेनला तें मान्य नव्हतें. १६५६ सालीं राजा वारला व कारभार राणी लुइझा हिच्याकडे आला. तिला बलाढ्य मित्र हवा होता. म्हणून तिनें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास कन्या देऊं केली. स्पेनच्या वकिलानें हा संबंध मोडण्याची पुष्कळ खटपट केली, तथापि ता. २३ जून १६६१ रोजीं तह झाला. वीस लक्ष क्रुझादो, टँजिअर व मुंबई बेट इंग्लंडनें घ्यावें आणि पोर्तुगालास सैन्याची मदत करावी, असें ठरलें. बेटावरील रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं. मात्र त्यांस आपला कॅथलिक धर्म पूर्वीप्रमाणेंच मोकळेपणीं आचरतां यावा, असें अकराव्या कलमांत स्पष्ट लिहिलें गेलें.

१६६२ सालीं सर अब्राहम शिपमन बेटाचा ताबा घेण्यास आला. त्याच्या अधिकारपत्रांत दोष काढून गोव्याचा व्हाइसरॉय मेलु इ कास्त्रु यानें तो नाकारला. साष्टीही तहांत येते कीं नाहीं, यावरही वाद माजला. शिपमन व त्याचे बहुतेक शिपाई अंजदीव बेटावर रोगानें मेले. अखेर ता. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हंफ्रे कुक यास ताबा मिळाला. तीनच वर्षांनीं राजानें बेट वार्षिक दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें!

तिकडे राणीच्या वांट्यास सुख थोडेंच आलें. पति चंचल, पोटीं संतान नाहीं, दरबार परधर्मीय. १६७८ सालीं तर राजास विष देण्याच्या कटाचा खोटा आळ तिजवर आला. राजानें तिचा पक्ष सोडला नाहीं आणि तिनें आपला धर्म सोडला नाहीं. वैधव्यानंतर ती मायदेशीं परतली, भावाच्या वतीनें राज्यकारभारही पाहिला, आणि ता. ३१ डिसेंबर १७०५ रोजीं लिस्बन येथें निवर्तली.

मुंबई तिनें कधींच पाहिली नाहीं. तरी एकाच तहानें तिला आणि या बेटाच्या भाविकांस परक्या सत्तेच्या हातीं दिलें, व दोघांनींही आपली श्रद्धा राखली. म्हणून तिचें स्मरण आम्ही कृतज्ञतेनें करतों.