हिशेब मागणारा शिक्षक : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

वसईहून मुंबईकडे निघालेली गाडी नायगांव सोडून खाडीच्या पुलाकडे वळली म्हणजे पूर्वीं रुळालगत मिठागरांचे लहान लहान चौकोन नजरेस पडत. भरतीचें पाणी आंत घ्यावें, तें उन्हानें आटूं द्यावें, आणि तळाशीं बसलेलें मीठ फावड्यानें ओढून त्याच्या राशी कराव्या, असें हें काम पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आमच्या भागांतील आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पाणी फुकट, ऊन फुकट, अंगमेहनत तेवढी माणसाची. परंतु इंग्रजी अमदानींत ही रास आगराबाहेर हलविण्यापूर्वीं तिचें वजन होऊन तिजवरील कर सरकारांत भरावा लागे. इ. स. १८८८ पासून हा कर दर मणास अडीच रुपये होता. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर पाटी हातांत घ्यावी. मण चाळीस शेरांचा, आणि अडीच रुपयांचे आणे चाळीस. म्हणजे शेरामागें एक आणा नुसता कर. मीठ पिकविण्याचा खर्च याच्या मानानें अगदीं थोडा. ज्याच्या घरीं दूधतूप नाहीं त्याच्याही भाकरीस मीठ लागतेंच, गुरांनाही लागतें. तेव्हां मिळकतीच्या प्रमाणांत पाहिलें तर या कराचें ओझें श्रीमंतापेक्षां गरिबाच्याच खांद्यावर अधिक पडे.

हा कर पुढें शेरामागें पांच पयांच्याही खालीं आला. तो खालीं आणण्यासाठीं ज्यांनीं सरकारशीं सरकारच्याच आंकड्यांनीं वाद घातला, त्या गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या खेड्यांत झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानांत नोकरीस होते. १८७९ सालीं ते वारले, आणि घराचा भार थोरले बंधु गोविंदराव यांजवर पडला. त्यांनीं आपलें शिक्षण सोडलें, कागल येथेंच पंधरा रुपयांची नोकरी धरली, व त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावास शिक्षणासाठीं पाठवूं लागले. राहिलेल्या सात रुपयांत घर चालावयाचें. आमच्या पालकांपैकीं पुष्कळांस हें गणित निराळें समजावून सांगावयास नको. कोल्हापूर, पुणें व मुंबई येथें शिकून गोपाळराव १८८४ सालीं बी. ए. झाले. बड्या सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असतांना ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले, आणि फर्ग्युसन कॉलेजांत दरमहा पंचाहत्तर रुपये वेतनावर शिकवीत राहिले. त्यांनीं अंकगणिताचें एक पुस्तकही तयार केलें. आंकड्यांची ही गोडी पुढें केवढ्या उपयोगास आली तें दिसेलच.

पुण्यांत त्यांस न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरु लाभला. सार्वजनिक सभेचे चिटणीस व तिच्या त्रैमासिकाचे संपादक या नात्यानें गोखल्यांना सरकारकडे पाठवावयाचे अर्ज लिहावे लागत. जमीनमहसूल, दुष्काळ, जंगल, मीठ यांवरील सरकारी अहवाल पानापानानें वाचावे, टिपणें काढावीं, मसुदा करावा, आणि रानड्यांनीं तो तपासून पुन्हा लिहावयास लावावा, असा क्रम असे. इतक्या श्रमांनंतर सरकारचें उत्तर यावें तें एका ओळीचें : अर्ज पोंचला. तरुण गोखले यानें खिन्न होत. तेव्हां रानड्यांनीं त्यांस समजाविलें कीं, हे अर्ज नांवाला सरकारसाठीं आहेत, वस्तुतः ते आपल्याच लोकांसाठीं आहेत. राज्यकारभाराचा विचार करण्याची संवय या देशास नवी आहे, आणि ती लागेपर्यंत उत्तराची वाट पाहूं नये. गोखल्यांनीं ही गोष्ट पुढें स्वतःच सांगितली आहे.

गोखल्यांच्या बाळपणच्या प्रामाणिकपणाची गणिताची गोष्ट मुलांनीं क्रमिक पुस्तकांत वाचलीच असेल. ती गोड आहे. पण मला तिच्यापेक्षां १८९७ सालची गोष्ट मोठी वाटते. त्या वर्षीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय तीस वर्षांचें. मुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या उलटतपासणींत ते डगमगले नाहींत, आणि त्यांची वाहवा झाली. इकडे पुण्यांत त्याच वेळीं प्लेगनें कहर केला होता. घरें तपासावयास गोरे शिपाई लाविले होते, आणि लोक त्रासून गेले होते. शिपायांच्या दुर्वर्तनाविषयीं, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांविषयीं, मित्रांचीं पत्रें गोखल्यांस विलायतेंत मिळालीं. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनीं तो मजकूर तेथील वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीस सांगितला. मोठी खळबळ उडाली, व सरकारनें पुरावा मागितला. जुलैंत गोखले परत येतात तों पुण्याचें वारें पालटलें होतें. जून महिन्यांत रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली होती, धरपकड चालू होती, आणि ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांपैकीं कोणीही पुढें येऊन साक्ष देण्यास तयार होईना. मित्रांचीं नांवें उघड करणें गोखल्यांस शक्य नव्हतें. जी गोष्ट सिद्ध करतां येत नाहीं ती आपण बोलावयास नको होती, असें ठरवून त्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं जाहीर क्षमा मागितली.

यावर लोक तुटून पडले. कोणी त्यांस भित्रे म्हटलें, कोणी त्याहून वाईट. इंग्रजी पत्रांनीं उपहास केला, तर देशी पत्रांनीं धिक्कार. क्षमा इतकी सपशेल मागावयास हवी होती काय, याबद्दल आजही दोन मतें होऊं शकतील. पुण्यांतील लोकांचा छळ खोटा नव्हता, खोटें पडलें होतें तें पुराव्याचें पाठबळ. पण त्या दिवसापासून, ज्याचा कागद हातीं नाहीं असा आंकडा किंवा असा आरोप गोखल्यांनीं सभेंत पुढें मांडला नाहीं. दुसऱ्याकडे जाब मागणाऱ्यानें आपला जाब आधीं दिला पाहिजे, हा धडा त्यांनीं फार मोठी फी भरून घेतला.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले. त्या वेळीं इलाख्यांत भयंकर दुष्काळ होता. १९०१ सालीं सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यांत असा बदल आणिला कीं, सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीस देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क कुळास राहूं नये. लोकपक्षानें निदान थांबण्याची विनंति केली. ती फेटाळली गेली तेव्हां सर फिरोजशहा मेथा सभागृह सोडून निघून गेले, आणि त्यांच्या मागोमाग गोखलेही उठले. पुढच्याच वर्षीं फिरोजशहांच्या जागीं गोखले कलकत्त्यास बड्या लाटसाहेबांच्या कौन्सिलांत गेले, आणि मरेपर्यंत तेथें राहिले. या सभासदत्वामुळेंच त्यांच्या नांवामागें नामदार ही पदवी कायमची लागली.

आजच्या विद्यार्थ्यास त्या कौन्सिलाची कल्पना येणें कठीण आहे. तेथें सरकारी अधिकाऱ्यांचें बहुमत असे. वर्षांतून एकदां अंदाजपत्रकावर भाषण करावें, इतकीच मुभा. त्यांतील एक पैही कमी करण्याची सूचना आणतां येत नसे, मत देतां येत नसे. प्रश्न विचारावयाचा तर आधीं लेखी द्यावा लागे, आणि उत्तर अपुरें मिळालें तरी त्यावर पोटप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. कोणीही म्हणावें, अशा ठिकाणीं बोलून काय होणार?

२६ मार्च १९०२ रोजीं गोखल्यांचें पहिलें अंदाजपत्रकीय भाषण झालें. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांनीं सरत्या वर्षाची शिल्लक सात कोटींची दाखविली होती, आणि सभासद एकामागून एक उठून त्यांचें अभिनंदन करीत होते. गोखल्यांनीं सांगितलें कीं, या अभिनंदनांत आपणांस मनापासून सामील होतां येत नाहीं. देशांत लागोपाठ दुष्काळ पडले, प्लेग चालू आहे, आणि तिजोरींत मात्र वर्षानुवर्षें शिलकीवर शिल्लक सांचत आहे. तेव्हां देशाची स्थिति व तिजोरीची स्थिति यांचा मेळ कोठेंच बसत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. मग ही शिल्लक आली कोठून? उत्तर त्यांनीं सरकारी पुस्तकांतूनच काढलें. पूर्वीं रुपयाचा भाव घसरत गेल्यानें विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठीं अधिक रुपये लागत. ती तूट भरून काढण्यास सरकारनें कर वाढविले, त्यांत मिठाचाही वाढविला. पुढें रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तूट गेली. पण कर जेथल्या तेथें राहिले. म्हणजे ही शिल्लक रयतेच्या भरभराटीची खूण नसून, गरज संपल्यावरही तिजकडून घेतलेल्या जादा पैशाची बेरीज होती. मिठाचा कर वाढल्यापासून माणशीं मिठाचा खप कमी झाला, हेंही त्यांनीं सरकारच्याच तक्त्यांवरून सिद्ध केलें. गरीब माणूस मीठ कमी खातो तें आवडीनें नव्हे.

या भाषणामागें एका दुसऱ्या शिक्षकाचेही श्रम होते, आणि शाळेच्या अंकांत त्यांचें नांव यावयासच हवें. सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हे हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे गाढे अभ्यासक होते. रानडे १९०१ च्या जानेवारींत वारले होते. त्यानंतर गोखल्यांनीं आंकड्यांसाठीं जोशांचाच आधार घेतला.

पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. खप वाढला. गोखल्यांनीं तो वाढलेला खप पुढील भाषणांत सरकारपुढें ठेविला आणि आणखी सूट मागितली. १९०५ सालीं कर दीड रुपया झाला, १९०७ सालीं एक रुपया. हें सर्व एकट्या गोखल्यांमुळें घडलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. तिजोरी भरलेली होती, आणि काँग्रेस कित्येक वर्षें हीच मागणी करीत होती. तथापि ज्या सभेंत मत देण्याचा अधिकारच नाहीं, तेथें दरवर्षीं त्याच जागीं उभें राहून तोच हिशेब नव्या आंकड्यांनिशीं मागत राहणें, हें काम गोखल्यांनीं केलें.

सगळीकडे असें यश आलें नाहीं. सरकारी गुप्ततेचा कायदा लष्करी बाबींपलीकडे मुलकी कारभारासही लावण्याचें बिल आलें, तेव्हां गोखल्यांनीं त्यास कसून विरोध केला. कारभार झांकून ठेवला तर त्यावर टीका तरी कशी व्हावी, असें त्यांचें म्हणणें. १९०४ च्या मार्चांत तें बिल बहुमतानें पास झालें.

आमच्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीनें त्यांची १९०८ सालची साक्ष फार महत्त्वाची आहे, जरी तिची आठवण थोड्यांनाच असते. कारभाराचे अधिकार खालीं कसे वांटावे याची चौकशी करण्यास एक कमिशन नेमलें होतें. वसई तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांत. जिल्ह्याचे कलेक्टर हेच जिल्हा लोकलबोर्डाचे अध्यक्ष, आणि त्यांचा जबाब वरिष्ठांकडे, लोकांकडे नव्हे. विहीर, रस्ता, शाळा यांसाठीं अर्ज करावा तो कागद दफ्तरांतून दफ्तरांत वर चढत जाई. गोखल्यांनीं सुचविलें कीं, तळाशीं गांवपंचायती असाव्या, मध्यें जिल्ह्याचें मंडळ असावें, आणि वर सुधारलेलीं कायदेकौन्सिलें असावीं. कलेक्टरांनीं महत्त्वाच्या बाबींत या जिल्हामंडळाचा सल्ला घेतलाच पाहिजे, म्हणजे ज्यांच्या गांवचा प्रश्न त्यांच्यासमोरच तो सुटेल. ही सूचना त्या वेळीं मान्य झाली नाहीं. लोकनियुक्त जिल्हा परिषदा महाराष्ट्रांत आल्या त्या १९६२ सालीं, आणि आमचा पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २०१४ सालीं.

१९०९ च्या सुधारणांनीं कौन्सिलांत ठराव आणण्याची, त्यावर मत घेण्याची व पोटप्रश्नाची मुभा मिळाली. गोखल्यांनीं तिचा लगेच उपयोग केला. नाताळांत करारानें मजूर नेण्याविरुद्धचा त्यांचा ठराव १९१० सालीं मान्य झाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें बिल त्यांनीं १९११ सालीं मांडलें. सक्ती एकदम सर्व देशास नको, जेथें स्थानिक संस्था तयार असतील तेथें हळूहळू व्हावी, इतकें तें सौम्य होतें. मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. असें होईल हें त्यांस आधींच ठाऊक होतें, आणि तसें त्यांनीं सभेंत शांतपणें सांगितलेंही. रानड्यांनीं समजाविलेली ती गोष्ट ते विसरले नव्हते.

मधुमेह व अखंड जागरण यांनीं शरीर पोखरलें होतें. सरकारनें देऊं केलेला सर हा किताब त्यांनीं १९१४ सालीं नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुणें येथें, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

मिठाच्या कराची पुढची हकीकत सांगावयाची राहिली. गोखले गेल्यावर पुढच्याच वर्षीं तो सव्वा रुपया झाला. १९२३ सालीं दिल्लीच्या कायदेमंडळानें तो वाढविण्यास नकार दिला, तेव्हां व्हाइसरॉयांनीं आपल्या खास अधिकारांत तो पुन्हा अडीच रुपयांवर नेला. वर्षभरानें सव्वा रुपयावर परत आणावा लागला. १९३० सालीं, गोखल्यांस आपले राजकीय गुरु मानणारे महात्मा गांधी मूठभर मीठ उचलण्यासाठीं दांडीस चालत गेले. एप्रिल १९४७ मध्यें हा कर उठला, तेव्हां गोखल्यांस जाऊन बत्तीस वर्षें झालीं होतीं.