पंडिता रमाबाई : भुकेने घडवलेले आयुष्य

मध्य प्रांतावर १८९६-९७ साली भीषण दुष्काळ कोसळला. तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, याच प्रांतात होता. दुष्काळी कामांवर सर्वांत असहाय होत्या त्या विधवा, टाकलेल्या स्त्रिया आणि पोरक्या मुली. घासभर अन्नासाठी त्यांची अब्रू पणाला लागत होती. ही वार्ता ऐकून पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोबत घेऊन आल्या.

भूक त्यांना परकी नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला शिकवण्याचा हट्ट धरला होता व त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब मद्रास इलाख्यातील दुष्काळात सापडले. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. उरलेल्या भावासह रमाबाई पायी चालत अखेर कलकत्त्याला पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

मग भाऊ वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेरचा विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरी वर्षाच्याही आतली मनोरमा. आप्त नाहीत, आधार नाही. तरी त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य व शिक्षिका हव्यात, अशी साक्ष दिली.

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्राने ते त्यांना कधी पूर्णपणे माफ केले नाही. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदा सदन पुढे पुण्यात आले आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले; पालकांनी मुली काढून नेल्या. त्या टीकेत तथ्य किती, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र बालविधवांना घर देण्याचे धाडस त्या काळी फार थोड्यांनी दाखवले, हेही खरे. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली.

मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुणे शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर तंबू ठोकले गेले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छपाई असे पोटापाण्याचे शिक्षण मुलींना मिळू लागले.

या साऱ्यात आईच्या खांद्याला खांदा लावून राबलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंनी देह ठेवला.