कै. पंडित कुमार गंधर्व : मौनातून परतलेला स्वर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही निवडलेले चरित्र एका गायकाचे आहे. हा गायक आपल्या ज्ञातीचा नव्हता, आपल्या जिल्ह्याचाही नव्हता. तेव्हा शहापुरात बसून आपण त्याची आठवण का काढावी, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, हे चरित्र जितके गाण्याचे आहे तितकेच ते एका आजारी माणसाचे आणि त्याला सांभाळणाऱ्या घराचेही आहे. आणि आजारी माणूस कोणत्या घरात नसतो?

पंडित कुमार गंधर्व यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. बेळगावजवळील सुळेभावी या खेड्यात, एका लिंगायत कुटुंबात, 8 एप्रिल 1924 रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांना गाण्याचा नाद होता, त्यामुळे घरात सूर होते. परंतु या मुलाला कोणी रीतसर शिकवीत होते असे नाही. सहा-सात वर्षांचा होताच तो एकाएकी गाऊ लागला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका एकदा ऐकाव्यात आणि त्यांतील हरकती-मुरक्यांसह जशाच्या तशा म्हणून दाखवाव्यात, असा त्याचा चमत्कार होता. लोक थक्क होत. एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले.

अकरा-बारा वर्षांच्या वयात मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत हा मुलगा गायला आणि जाणत्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर तो प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास राहिला. देवधर मास्तर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. 1925 साली त्यांनी मुंबईत संगीताचे विद्यालय काढले होते. एकाच घराण्याला चिकटून न राहता जेथे चांगले असेल तेथून ते घ्यावे, अशी त्यांची वृत्ती होती. नुसती नक्कल करणाऱ्या मुलाला त्यांनी विचार करावयास शिकविले. थोर गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांना तालीम मिळाली. विशी ओलांडेपर्यंत कुमारांचे नाव देशभर झाले. मैफलींची आमंत्रणे येऊ लागली. 1947 साली देवधरांच्याच विद्यालयातील भानुमती कंस या गायिकेशी त्यांचा विवाह झाला. सर्व काही मनाजोगे चालले होते.

आणि नेमक्या त्याच सुमारास क्षयाने त्यांना गाठले.

क्षय या शब्दाचा त्या काळचा दरारा आज तरुण पिढीला समजणे कठीण आहे. रोग्याचे ताट-वाटी निराळे, त्याची खोली निराळी. घरात मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर रोग्याचे नावही उच्चारावयाचे नाही, अशी स्थिती ठिकठिकाणी होती. रामबाण औषध असे हाती नव्हते. कोरडी हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती, एवढाच इलाज. गायकाच्या बाबतीत तर हा रोग म्हणजे दुहेरी मरण. कारण ज्या फुप्फुसांवर त्याची विद्या उभी, तीच फुप्फुसे रोग पोखरतो. कुमारांना गाण्याची सक्त मनाई झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

माळव्याची हवा मानवेल म्हणून 1948 च्या जानेवारीअखेर हे दांपत्य मध्य भारतातील देवास या गावी आले. महात्माजींच्या हत्येने सारा देश सुन्न झाला होता, तेच हे दिवस. देवास हे आपल्या मराठी माणसाला परके गाव नव्हे. तेथे पवार घराण्याची दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदली. तेथे मराठी वस्ती होती, गाण्याची जाण होती. उस्ताद रजब अली खाँसारखे बुजुर्ग तेथे राहत होते. गावावर देवीची टेकडी. अशा त्या शांत गावी कुमार अंथरुणाला खिळून राहिले. मैफली थांबल्या, टाळ्या थांबल्या. मुंबईत नवे गायक पुढे येत होते. मोठ्या आवाजात बोलणेही ज्याला वर्ज्य, तो माणूस पुन्हा गाईल अशी आशा फार थोड्यांना उरली असेल.

आता आम्ही वाचकांना, विशेषतः आमच्या भगिनींना, विनंती करतो की त्यांनी येथे थोडे थांबावे आणि भानुमतीबाईंकडे पाहावे. त्या स्वतः शिकलेल्या गायिका होत्या. त्यांचेही गाणे होऊ शकले असते. परंतु लग्नानंतर लगेच घराचा सारा भार त्यांच्यावर आला. देवासला त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. त्या पगारावर घर चालविले आणि पतीची शुश्रूषाही केली. इंदूरचे रसिक रामूभय्या दाते यांच्यासारखे स्नेही पाठीशी उभे राहिले, हे खरे; तथापि रात्रंदिवस खोकल्याच्या आवाजाने जागे राहणारे माणूस घरातलेच असते. कुमारांच्या पुनरागमनाचे श्रेय वाटावयाचे झाले तर त्यातील अर्धा वाटा या माउलीचा आहे, असे आमचे प्रांजल मत आहे.

सुमारे पाच वर्षे कुमार गायले नाहीत. मग त्यांनी केले काय? त्यांनी ऐकले. खाटेवर पडल्या पडल्या माळव्यातील बायांची गाणी त्यांच्या कानी येत. लग्नाची, बाळंतपणाची, सणावारांची, पावसाची गाणी. या बायांना स्वरलिपी ठाऊक नव्हती, रागाचे नावही ठाऊक नव्हते. आणि तरी त्यांच्या सुरांत काहीतरी असे होते की, जे दरबारी गवयांच्या गाण्यात सापडत नव्हते. नाथपंथी जोगी कबीराची निर्गुणी भजने गात दारावरून जात. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे त्या गावात या भजनांची परंपरा जिवंत होती. एकतारीवर गाणाऱ्या त्या विरक्त माणसाचा सूर कसा फेकला जातो, कोठे तुटतो, तुटूनही कसा पूर्ण वाटतो, हे सर्व कुमार मनात साठवीत राहिले. गळा बंद होता. कान आणि बुद्धी मात्र उघडी होती. राग आधी आणि लोकधून मागाहून, असे नसून लोकांच्या धुनांतूनच राग उगम पावले असले पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात तेथे पक्का झाला.

पुढे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध आपल्या देशात मिळू लागले. 1943 साली अमेरिकेत त्याचा शोध लागला होता आणि क्षयाच्या इतिहासात त्याने नवे पर्व सुरू केले होते. कुमारांना ते मिळाले, त्याचा गुण आला आणि हळूहळू अंगात बळ आले. तथापि रोग जाताना आपली खूण ठेवून गेला. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले.

1953 साली कुमार गंधर्व पुन्हा श्रोत्यांसमोर बसले. नाटककाराने रचावा तसा हा प्रवेश होता. ज्याला लोकांनी गेलेला धरले होते, तो एकोणतीस वर्षांचा कृश माणूस दोन तंबोऱ्यांच्या मध्ये येऊन बसतो, याहून मोठे नाट्य कोणते? आणि खरे आश्चर्य तर पुढेच होते. आजारापूर्वीचा कुमार परत आलाच नव्हता. त्याच्या जागी दुसराच गायक आला होता. पूर्वीची ती हुबेहूब नक्कल आता नव्हती. लांबच लांब दमसासाच्या ताना घेणे एका फुप्फुसाला शक्य नव्हते. म्हणून त्यांनी छोट्या छोट्या, परंतु विजेसारख्या लखलखत्या स्वराकृती घडविल्या. सूर एकदम उंच फेकावा, क्षणभर थांबावे, त्या थांबण्यात तंबोऱ्याला बोलू द्यावे आणि मग पुढचा सूर लावावा, अशी त्यांची रीत झाली. श्वास घेण्यासाठी जेथे थांबणे भाग होते तेथेच त्यांनी सौंदर्य निर्माण केले. देहातील उणीव त्यांनी लपविली नाही; तिलाच गायकीचा आधार केले.

तंबोरे जुळविण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. ते मिळविण्यात ते भरपूर वेळ घेत आणि सभागृह स्तब्ध होऊन वाट पाहत राही. ज्याने पाच वर्षे शांतता भोगली त्याला शांततेची किंमत कळली होती, हाच त्याचा अर्थ.

हे परतणे सर्वांनाच रुचले असे मात्र नाही. घराण्याच्या शिस्तीत वाढलेल्या जाणकारांना ही गायकी तुटक वाटली. क्रमाक्रमाने राग उलगडण्याची रीत त्यांनी सोडली, असा आक्षेप आला. हा आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. विस्ताराची शांत चाल ज्यांना प्रिय त्यांना कुमारांच्या गाण्यात काही उणे वाटणे स्वाभाविक होते. परंतु कुमारांनी वाद घालण्यापेक्षा काम केले. माळव्याच्या लोकगीतांचा त्यांनी संग्रह केला. त्यांतील धुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा, अहिमोहिनी असे नवे राग त्यांनी प्रकाशात आणले. 1965 साली त्यांचा अनूपरागविलास हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. महात्माजींच्या स्मरणार्थ त्यांनी गांधी मल्हार बांधला. पावसाळ्याच्या गीतांचा गीतवर्षा, माळव्याच्या लोकधुनांचा, कबीर-सूर-मीरा यांच्या पदांचा त्रिवेणी, बालगंधर्वांच्या गायनावरील मला उमजलेले बालगंधर्व, असे एकेका विषयाला वाहिलेले कार्यक्रम त्यांनी रंगमंचावर आणले. आधी चिंतन, मग मांडणी, असा नेमका आराखडा त्यामागे असे.

या यशाच्या मध्यावरच 1961 साली भानुमतीबाई बाळंतपणात निवर्तल्या. ज्या हातांनी वाचविले ते हातच गेले. मुकुल आणि यशोवर्धन ही दोन लहान मुले मागे राहिली. पुढल्या वर्षी देवधर मास्तरांच्याच शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. त्यांनी घर सावरले आणि मैफलीतही साथ केली. मुलगा मुकुल, मुलगी कलापिनी आणि पुढे नातू भुवनेश, सर्वांनी गाण्याचीच वाट धरली. देवासच्या घराला भानुकुल हे नाव आहे. त्या नावात पहिल्या गृहिणीची आठवण जागती आहे.

शासनाने त्यांना 1977 साली पद्मभूषण व 1990 साली पद्मविभूषण देऊन गौरविले. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कुमार मैफलीत परतले. मुंबईस राहावयास मात्र परतले नाहीत. गाण्यासाठी देशभर जात आणि पुन्हा टेकडीखालच्या त्या गावी येत. आजारपणाने जे गाव दिले, तेच त्यांनी जन्मभराचे मानले आणि 12 जानेवारी 1992 रोजी तेथेच देह ठेवला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या शहापूरच्या आसपासच्या बांध्यांत आषाढ-श्रावणात रोवणा सुरू झाला की, चिखलात वाकलेल्या बाया आजही गातात. ती गाणी आपण रोजची म्हणून ऐकत नाही. माळव्यातील अशाच बायांच्या गाण्यांनी एका मोठ्या गवयाला नवा जन्म दिला. तेव्हा घरातील म्हाताऱ्या आजी, मावशी यांना ठाऊक असलेली गाणी शिकल्यासवरल्या मुलामुलींनी वहीत उतरून घ्यावीत, त्यांचा आवाज यंत्रात साठवावा. पुढल्या वर्षी या पानांवर त्यांतील काही छापता आली तर आम्ही धन्य होऊ.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. क्षय आज संपलेला नाही. परंतु नेमाने पुरते औषध घेतले तर तो बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. असे असूनही कित्येक घरांत लाजेपोटी रोग लपविला जातो, सुनेचा असेल तर अधिकच. समाजबांधवांनी हे थांबवावे. रोग्याला कोपऱ्यात टाकू नये. त्याची वर्षे वाया गेली असेही समजू नये. अंथरुणावर मुकाट पडलेला माणूस काय ऐकतो आहे, मनात काय जुळवितो आहे, हे आपल्याला दिसत नाही. देवासच्या त्या खोलीत कुमार गंधर्व पाच वर्षे गप्प होते. त्यांच्या उशाशी कोणी बसले नसते तर तो स्वर परत आला नसता.