पांडुरंग खानखोजे

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत कृषिविद्या शिकत असता गदर चळवळीत पडले आणि इंग्रजी राज्यात परतण्याची वाट त्यांना बंद झाली. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. तेथे चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन करीत त्यांनी मक्याच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास आरंभिला. एका वाणाच्या तुऱ्यातील पराग दुसऱ्या वाणाच्या कणसाच्या रेशमी केसांवर टाकावा, दाणे पेरावेत आणि इष्ट गुण ज्या रोपांत उतरले असतील तेवढीच राखावीत; मोठे चिकाटीचे काम हे! थंडी व अवर्षण सोसणारे वाण त्यांना हवे होते. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळाही काढल्या. स्वराज्य आले, तरी काळ्या यादीतील जुन्या नावाने त्यांची वाट काही काळ अडविली. अखेर ते मायदेशी आले. १९६७ साली नागपूर येथे निवर्तले.