या क्षणाची गती

पावसाळ्यात प्राणहिता फुगली की आमच्या अहेरीत एकच चौकशी असते : पाणी किती चढले? जाणती माणसे मात्र वेगळेच विचारतात : आत्ता कोणत्या वेगाने चढते आहे? सकाळपासून चार हात चढले, हे झाले सरासरीचे उत्तर. या घडीचा वेग निराळा असू शकतो आणि गुरे सोडायची की नाहीत, हे त्यावरच ठरते.

एवढी साधी गोष्ट मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी उमगली नव्हती. शाळा मराठीतून झालेली. कॉलेजात कॅल्क्युलस इंग्रजीतून अंगावर आला. ‘लिमिट’ म्हटले की गावाची शीव डोळ्यांपुढे येई. पहिल्या चाचणीत शंभरपैकी अकरा गुण पडले. खोट आपल्याच डोक्यात आहे, अशी माझी खात्री झाली. घरी सांगायचीही सोय नव्हती. वडिलांनी धान विकून फी भरली होती.

त्या दिवसांत एका जुन्या पुस्तकात बापूदेव शास्त्री भेटले.

बापूदेवांचा जन्म 1821 चा. पाळण्यातले नाव नृसिंह. घर मराठी, शिक्षण आपल्याच नागपुरात. तेथे धुंडिराज मिश्र यांच्यापाशी ते भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकले. सिहोरचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि 1838 मध्ये त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. नवे ज्योतिष येथल्या लोकांना त्यांच्याच सिद्धांतग्रंथांच्या आधारे शिकवावे, असे या साहेबाचे मत होते. जुने आणि नवे गणित बापूदेवांच्या डोक्यात असे शेजारी-शेजारी नांदू लागले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1842 मध्ये, ते काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. पोरांना परकी भाषा अडू नये म्हणून त्यांनी बीजगणिताचे पुस्तक हिंदीत लिहिले.

1858 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक धाडसी निबंध छापला. भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे मूळ तत्त्व ठाऊक होते, असे त्यांचे म्हणणे होते. आधार होता 1150 च्या सिद्धांतशिरोमणीचा. चंद्र इतका चपळ, की तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसाची सरासरी गती पुरत नाही. भास्कराचार्यांनी म्हणून ‘तात्कालिक गती’ मानली : त्या क्षणाची गती. ज्येतला सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हेही त्यांनी ओळखले होते. आजचा विद्यार्थी साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन म्हणून घोकतो, ते हेच. न्यूटन आणि लायब्निट्झ यांच्या आधीची ही पाचशे वर्षे!

वाद झालाच. इंग्रज गणिती स्पॉटिसवुड यांनी 1860 मध्ये उत्तर दिले. भास्कराचार्यांची बुद्धी त्यांनी मान्य केली. पण अतिसूक्ष्म राशींची कल्पना येथे दिसत नाही, असे बजावले. मला दोघांचेही पटते. बीज येथे पडले होते. त्याचा वृक्ष सर्व दिशांना वाढवणारी पद्धत सतराव्या शतकात युरोपात उभी राहिली. एवढे खरे सांगितल्याने आपला अभिमान काही उणा होत नाही.

पुढे बापूदेवांना 1878 मध्ये सी.आय.ई. आणि 1887 मध्ये महामहोपाध्याय या पदव्या मिळाल्या. त्यांच्यानंतर त्यांच्या जागेवर आलेल्या सुधाकर द्विवेदींनी कलनशास्त्रावर हिंदीत ‘चलनकलन’ लिहिले. दिव्याने दिवा लागतो तो असा.

मी पुढच्या परीक्षेत पास झालो. फार गुण नव्हते. पण डेरिव्हेटिव्ह म्हणजे या क्षणाची गती, हे मराठीत कळल्यावर इंग्रजी सूत्रांची भीती गेली. आता शिकवणीला येणाऱ्या पोरांना पहिला धडा मी घाटावर देतो. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या गोंडी, कोणाच्या माडिया. एकाला पाण्याजवळ काठी रोवायला सांगतो, दुसऱ्याला घड्याळ बघायला. आणि विचारतो, पाणी आत्ता कसे चढते आहे?

फळ्यापुढे गप्प बसणारी पोरे तिथे मात्र आपसांत भांडून उत्तर काढतात.