यंत्राला सोबती मानणारा शास्त्रज्ञ

उंबराचे फळ फोडले की आत चिमुकले कीटक आढळतात. फळाच्या पोटात दडलेल्या फुलांना पराग हेच कीटक पोहोचवितात आणि त्यांची पिलेही तेथेच वाढतात. झाडावाचून कीटक नाही आणि कीटकावाचून झाडाला बी नाही! उंबराच्याच कुळातील अंजीर व त्याचा कीटक यांच्या अशाच सख्याचा दाखला देऊन एका शास्त्रज्ञाने माणूस आणि यंत्र यांच्या सहजीवनाचा विचार जगापुढे मांडला. त्याचे नाव जोसेफ लिकलायडर.

लिकलायडर यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस या शहरी झाला. बाळपणी त्यांना विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा नाद होता. महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञान, गणित व मानसशास्त्र या तिन्ही विषयांचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करीत होते. विमानाच्या गोंगाटातही वैमानिकांना बोलणे स्पष्ट कसे ऐकू येईल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

१९५७ साली त्यांनी एक निराळाच प्रयोग केला. आपला वेळ कोठे जातो, याची टिपणे ते ठेवू लागले. विचारासाठी म्हणून राखलेल्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधणे, आकडेमोड करणे व आलेख काढणे यांतच खर्ची पडत असल्याचे त्यांना आढळले. एकदा त्यांना सहा प्रयोगांचे निष्कर्ष ताडून पाहावयाचे होते. प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी! ते आकडे तुलनेजोगे करण्यात कित्येक तास गेले. पण ते तसे समोर येताच निर्णय मात्र काही क्षणांत झाला. कोणता प्रश्न हाती घ्यावा, हेही पुष्कळदा बुद्धीपेक्षा अशा कारकुनी कामावरच ठरत होते. याचा त्यांना मोठा संकोच वाटला.

त्या काळचे बहुतेक संगणक खोलीभर मोठे असत. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्यांना द्यावा आणि उत्तराची वाट पाहत बसावे, अशी रीत होती. १९६० साली लिकलायडर यांनी एका लेखात निराळा मार्ग दाखविला. माणसाने ध्येय ठरवावे, प्रश्न विचारावे व निर्णय घ्यावा. यंत्राने शोधाशोध व आकडेमोड करावी. आणि हे सारे दोघांच्या संवादातून घडावे, असे त्यांनी सुचविले.

१९६२ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील एका संशोधन संस्थेत संगणकविषयक संशोधनाची सूत्रे त्यांच्या हाती आली. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, यासाठी झटणाऱ्या संशोधकांना त्यांनी द्रव्यसाहाय्य दिले. पुढे ‘माउस’ बनविणारे डग्लस एंगलबार्ट यांनाही त्यांनी हात दिला. दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडावेत, ही कल्पना त्यांनी १९६३ साली सहकाऱ्यांना कळविली. १९६९ साली त्याच संस्थेने तसे जाळे सुरू केले. आजच्या इंटरनेटचा उगम त्यातच आहे.

२६ जून १९९० रोजी लिकलायडर यांचे निधन झाले. आज यंत्रे आपली आकडेमोड करतात, हवी ती माहिती क्षणात शोधून देतात. त्यांनी वाचविलेला वेळ विचारात घालवावयाचा की आळसात, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे.